टाइमलाइनवरच संगीत रचायचं कसं: ग्वाल्हेरच्या एका वाड्यावरच्या तीन मिनिटांच्या फिल्मचं उदाहरण

फिल्म कापून झाली की "आता मागे जरा म्युझिक टाकू" म्हणायचं, कुठूनतरी तयार ट्रॅक उतरवायचा आणि आवाज कमी करून निवेदनाखाली सरकवायचा, ही सवय मोडायला हवी. युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात संगीताचं शहर म्हणून घेतलं. तिथल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत पेटी, डग्गा-तबला, तानपुरा यांपैकी काही ना काही अजूनही माळ्यावरून निघतं. अशा गावावरच्या फिल्मला कुठलाही सिंथेसायझरचा ढग पुरेसा वाटू नये. स्वतःचं संगीत त्याच एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, त्याच टाइमलाइनवर रचता येतं, आणि चित्र समोर हलत असताना रचलेलं संगीत वेगळंच बसतं.

इथे मी डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे एडिटिंग सॉफ्टवेअर धरून चाललो आहे, कारण त्याची मोफत आवृत्ती या कामाला पुरते आणि त्यात फेअरलाइट नावाचं ध्वनीसाठीचं स्वतंत्र पान आहे. फेअरलाइट ही मुळात सिडनीची कंपनी. १९७९ मध्ये त्यांनी सॅम्पलर (रेकॉर्ड केलेला आवाज पट्ट्यांवर वाजवणारं यंत्र) असलेलं संगणकी वाद्य बाजारात आणलं होतं; २०१६ मध्ये रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिकने ती विकत घेतली. तुम्ही प्रीमियर किंवा केडेनलाइव्ह वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, क्रम तोच राहील.

उदाहरणाला लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यावरची तीन मिनिटांची फिल्म घेऊ. त्या घरातली आजी मराठीत बोलते आहे, मधे दरवाजा, चौक, देवघर, गच्चीवरून दिसणारा किल्ला. सगळा लेख एकाच मुद्द्याभोवती फिरणार आहे: आजीच्या बोलण्याला जागा रचनेतच ठेवावी लागते. फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली ओढून ती मिळत नाही.

प्रोजेक्ट उघडताना

टाइमलाइनवर पहिली क्लिप पडली की फ्रेम रेट सहजी बदलता येत नाही, म्हणून तो आधी ठरवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. २५ फ्रेमवर आणि १/५० शटरवर चित्रण केलं तर ट्यूबलाइटचा लुकलुकाट येत नाही. शिवाय २५ हा आकडा तालाच्या हिशेबाला फार सोयीचा आहे, ते पुढे दिसेलच. ऑडिओचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. संगीताच्या सीडीचा ४४.१ असतो, पण व्हिडिओच्या दुनियेत ४८ चालतो, आणि तबला-पेटीचं रेकॉर्डिंगही त्यावरच करावं.

फोनवर चित्रण केलं असेल तर एक काम वाढतं. बरेच फोन फ्रेम रेट स्थिर ठेवत नाहीत, क्षणाक्षणाला तो थोडा वरखाली होतो. अशा क्लिपमध्ये आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात, आणि त्यावर रचलेला ताल तर नक्कीच सुटतो. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिपा स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या, मगच टाइमलाइनवर आणा.

संगीताला हात लावण्याआधी चित्र पक्कं करा. नंतर मधला एक शॉट दहा फ्रेमने वाढवला तर पुढच्या सगळ्या समा (तालाच्या प्रत्येक फेरीचे पहिले ठोके) सरकतात.

आधी शांतता ठरवा

फक्त निवेदन आणि जागेवरचे आवाज ठेवून फिल्म दोन-तीनदा बघा. संगीत कुठे हवं हा प्रश्न नंतरचा. कुठे नको ते आधी ठरवा आणि तिथे लाल मार्कर लावा. दरवाज्याच्या कडीचा आवाज, देवघरातली घंटा, चौकात पारव्यांचं घुमणं, ही त्या वाड्याची स्वतःची वाद्यं आहेत. त्यांच्यावर पेटी घालणं म्हणजे त्यांना गप्प बसवणं. आजी म्हणते, "इथे पंगती बसायच्या," आणि मग चार सेकंद नुसती चौकाकडे बघते. त्या चार सेकंदांत तानपुरासुद्धा नको.

तीन मिनिटांतलं निदान एक मिनिट तरी संगीताविना जावं असं माझं मत आहे. ज्यांना हे जास्त वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. संगीत परत येतं तेव्हा त्याचं वजन दुप्पट होतं.

दुसऱ्या रंगाचे मार्कर निवेदनाखालच्या संगीतासाठी, तिसऱ्या रंगाचे जिथे संगीत एकटं बोलणार त्या जागांसाठी. ही तिसरी जात तीन मिनिटांत दोन-तीनदाच यावी: सुरुवातीचं शीर्षक, मधला किल्ल्याचा शॉट, शेवट.

राग, सा आणि लय

ग्वाल्हेरच्या गायकीबद्दल जाणकार नेहमी सांगतात की ती राग लपवत नाही. यमन, भूप, अल्हैया बिलावल यांसारखे प्रसिद्ध राग सरळ, मोकळ्या आवाजात समोर ठेवते आणि दोन स्वरसमूहांत ओळख पटवते. छोट्या फिल्मला हेच धोरण लागतं. तुमच्याकडे वीस सेकंदांची जागा आहे, तिथे अनवट राग उलगडत बसायला वेळ नाही. वेळेचं भानही ठेवा. सकाळच्या कोवळ्या उन्हातल्या वाड्यावर यमन वाजला तर ग्वाल्हेरचा श्रोता पहिल्या गंधारालाच भुवया उंचावेल. सकाळला अल्हैया बिलावल, दिवेलागणीला यमन. शंका असेल तर गावातल्या कुणा बुजुर्ग गायकाला विचारा, आनंदाने सांगतील.

सा कोणता, हा मिक्सिंगचाही प्रश्न आहे. स्त्रीच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झमध्ये असतो, पुरुषाचा ८५ ते १८० मध्ये. काळी एकचा (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा १३८.६ हर्ट्झ, त्याचा पंचम २०७.६. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याची पंचमाची तार खालच्या सप्तकातली असली तरी तिचा हा वरचा उपस्वर नेमका आजीच्या आवाजाच्या मधोमध वाजत राहणार. शब्द कळतात ते मुख्यतः त्याच्या बरंच वर, १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, त्यामुळे एवढ्याने अनर्थ होत नाही, पण आजीच्या आवाजाची ऊब झाकली जाते. पांढरी चार किंवा त्या आसपासचा सा घेऊन खर्जात वाजवा, किंवा काळी एकच ठेवायची असेल तर तिच्या बोलण्याखाली पंचमाऐवजी नुसत्या षड्जाच्या तारा छेडा. पेटी वापरणार असाल तर शेवटचा शब्द पेटीचा, कारण तानपुरा आणि तबला पेटीला मिळवता येतात, पेटी त्यांना मिळवता येत नाही.

आता लय, आणि इथे २५ फ्रेमचा फायदा दिसतो. एका मात्रेला, म्हणजे तालाच्या एका ठोक्याला, किती फ्रेम लागतील याचा हिशेब सोपा: १५०० भागिले मिनिटाला मात्रा. लय १०० ठेवली तर मात्रा १५ फ्रेमची, ७५ ठेवली तर २० फ्रेमची, ६० ठेवली तर २५ फ्रेमची. लय ८० ठेवली तर १८.७५, आणि मात्रा फ्रेमच्या मधे पडू लागते. ऑडिओला त्याने काही होत नाही, पण चित्राचा कट फ्रेमवरच पडतो, त्यामुळे मात्रा आणि कट कधी जुळतील, कधी अर्ध्या फ्रेमने हुकतील. पूर्ण फ्रेम येणारी लय निवडली की हा त्रासच उरत नाही. लय १०० ला झपतालाचं आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) १५० फ्रेमचं, म्हणजे बरोबर ६ सेकंदांचं होतं, दादरा ३.६ सेकंद, केरवा ४.८, रूपक ४.२. लय ७५ ला त्रिताल ३२० फ्रेम, १२.८ सेकंद. चौदा आवर्तनं वाजली की १७९.२ सेकंद होतात, तीन मिनिटांच्या फिल्मला जवळजवळ तंतोतंत. ३० फ्रेमवर चित्रण असेल तर १८०० ला भागा: लय ९० ला मात्रा २० फ्रेमची.

आपल्या फिल्मला त्रिताल, लय ७५ घेऊ. पहिल्या फ्रेमपासून दर ३२० फ्रेमला एक मार्कर लावून टाका. ही तुमची समेची वही. संगीत कुठेही थांबलं तरी ही वही आतून चालू राहते, आणि दोन मिनिटांनी तबला परत आला तर तो समेवरच यायला हवा. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण फिल्म एका श्वासाची वाटेल.

एक तिहाई, फ्रेम मोजून

वाड्याचा दरवाजा उघडतो आणि शीर्षक येतं, या जागेला तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) फार शोभते. "तिटकत गदिगन धा" हा तीन मात्रांचा तुकडा घ्या, दोन तुकड्यांमध्ये एक मात्रा मोकळी ठेवा. तीन वेळा वाजल्यावर शेवटचा धा समेवर यायचा असेल तर तिहाई सातव्या मात्रेवर उचलायची. पहिला धा नवव्या मात्रेवर म्हणजे 'खाली' या बिनटाळीच्या जागेवर, दुसरा तेराव्यावर म्हणजे तिसऱ्या टाळीवर, तिसरा समेवर.

फ्रेममध्ये: शीर्षकाचा कट जिथे आहे तिथून मागे २०० फ्रेमवर तिहाई सुरू, म्हणजे ८ सेकंद आधी. पहिला धा कटच्या १६० फ्रेम आधी, दुसरा ८० फ्रेम आधी. आता चित्राकडे वळा. पहिल्या धावर कडीवरचा हात, दुसऱ्यावर उघडलेली फळी आणि आतला अंधार, समेवर उजेडातला चौक आणि त्यावर वाड्याचं नाव. दोन शॉट, प्रत्येकी ८० फ्रेमचे, आणि तिसरा मोकळा सुटलेला. कट धाच्या एक फ्रेम आधी ठेवूनही बघा. मला बहुतेक वेळा तसं जास्त नीट बसलेलं वाटतं. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, फरक एवढाच, पण डोळ्याला तो कळतो.

तयार ट्रॅकवर हे करता येत नाही. तिथे चित्राला संगीताच्या मागे धावावं लागतं.

रेकॉर्डिंग

खोली निवडताना आधी आवाज बंद करा: पंखा, कूलर, फ्रिज, इन्व्हर्टर. गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली रिकाम्या दिवाणखान्यापेक्षा कितीतरी बरी. उन्हाळ्यात ग्वाल्हेरमध्ये कूलर बंद करून बसणं अवघड, म्हणून पहाटेची वेळ धरा. तेव्हा रस्ताही शांत असतो.

विजेची घरघर ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, १००, १५०, २०० वर बसते. निवेदनातून ती काढायला फेअरलाइटमध्ये डी-हमर आहे, त्यात ५० हर्ट्झ निवडायचं, बस. तानपुऱ्याच्या बाबतीत हा उपाय धोक्याचा आहे. काळी एकचा पंचम २०७.६ वर, घरघर २०० वर. काढायला गेलात तर पंचमाचा कडा घासला जातो आणि तानपुरा अशक्त होतो. म्हणून तानपुरा आणि पेटी रेकॉर्ड करताना लॅपटॉप चार्जरवरून काढा, मायक्रोफोनची वायर विजेच्या वायरीला समांतर पसरू नका, आणि एक मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून ऐका.

मायक्रोफोन एकच असेल तरी चालेल. तबल्याच्या वर, दायाँ आणि डग्गा यांच्या मधे, दीडेक फुटावर, किंचित दाया­ँकडे कललेला. पेटीला भात्याच्या बाजूने धरू नका, भात्याचा श्वास येतो. पट्ट्यांच्या वरून, हातभर लांबून घ्या. तानपुऱ्याला भोपळ्यासमोर न धरता घोडीच्या जरा वरून, म्हणजे जवारी (तारेचा झणझणता नाद) येते. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डीबीच्या आसपास राहील. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फुटलेलं जोडता येत नाही.

तबलजीच्या कानात लय ७५ चा क्लिक किंवा लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी सुरावट) हेडफोनमधून द्या. नुसत्या क्लिकपेक्षा लेहरा बरा, वाजवणारा माणसासारखा वाजवतो. ठेक्याची निदान आठ आवर्तनं सलग घ्या. एकच आवर्तन कापून चिकटवलं तर दुसऱ्या फेरीलाच कानाला ते यंत्र वाटतं.

फेअरलाइटमध्ये वाद्य वाजवणं

घरात वाद्य नसेल किंवा एखादा स्वर कमी पडत असेल तर फेअरलाइटच्या ट्रॅकवर आभासी वाद्य बसवता येतं. मिक्सरमधल्या त्या ट्रॅकच्या इफेक्ट्सच्या खाचेत वाद्याचं प्लगइन टाका, मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायचा सुरांचा कीबोर्ड) जोडा, वाजवा. त्या ट्रॅकचा आवाज शेजारच्या रिकाम्या ट्रॅकच्या इनपुटला जोडून (पॅच करून) तो ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी तयार (आर्म) केला की वाजवलेलं रेकॉर्ड होतं. बाहेरचं प्लगइन नको असेल तर फेअरलाइटचाच फोली सॅम्पलर आहे: पेटीचा एक स्वच्छ स्वर, किंवा वाड्यातल्या पितळी घंटेचा एक ठोका त्यात भरा आणि कीबोर्डवर उंच-खाली वाजवा. देवघराच्या घंटेपासून बनवलेला एक लांब, खोल स्वर किल्ल्याच्या शॉटखाली ठेवून बघा. कुठल्याही विकतच्या आवाजापेक्षा तो त्या घराचा असतो.

मर्यादाही सांगायला हवी. इथे वाजवणं आणि रेकॉर्ड करणं जमतं, पण स्वर एकेक उचलून दुरुस्त करत बसण्यासाठी संगीताचं वेगळं सॉफ्टवेअरच लागतं. म्हणून छोटे तुकडे वाजवा, चुकलं तर परत वाजवा. रचना जास्त गुंतागुंतीची असेल तर रीपरमध्ये फिल्मचा व्हिडिओ उघडा, तिथे रचा आणि तयार ट्रॅक वेगवेगळे काढून इथे आणा.

क्लिपच्या जोडांवर नेहमी छोटा क्रॉसफेड द्या, पाच-दहा मिलिसेकंदांचा, नाहीतर टिक ऐकू येते. फेअरलाइट पानावर ऑडिओ फ्रेमच्याही आत कापता येतो (४८ किलोहर्ट्झवर एका फ्रेममध्ये १९२० सॅम्पल असतात), त्यामुळे ठोका नेमका मार्करवर आणता येतो. पण प्रत्येक ठोका आणू नका. सम जुळवा, बाकीचं तबलजीवर सोडा. इलास्टिक वेव्हने लय थोडी ताणता येते. तबल्याला दोन-तीन टक्क्यांपलीकडे ताणलं की चाटीचा टणत्कार चिकट होतो. पेटी आणि तानपुऱ्याचा बारीक बेसूर इन्स्पेक्टरमधल्या पिचमध्ये सेंटच्या मापाने मिळवा.

मिक्सिंग

इथपर्यंतचं काम नीट झालं असेल तर मिक्सिंग खरोखर थोडं उरतं. ट्रॅकना मराठीत नावं द्या, रंग द्या: आजी, जागा, तानपुरा, पेटी, तबला, घंटा. तीन बस (अनेक ट्रॅक एकत्र जाणारे मार्ग) करा: एक बोलण्याची, एक जागेच्या आवाजांची, एक संगीताची. तिन्ही मिळून मुख्य बसमध्ये. संगीत पूर्ण खाली घ्यायचं असेल तर एकच फेडर हलतो.

आजीपासून सुरुवात करा, बाकी सगळं म्यूट. ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाका, बोलण्यात तिथे काही नसतं, फक्त धडधड असते. कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) ३:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० च्या आसपास, आणि थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) असा की मोठ्या शब्दांवर सुई तीन ते सहा डीबी खाली जाईल. जास्त दाबू नका. म्हातारपणी आवाजात जो चढउतार असतो, तो त्या माणसाचा आहे. शब्द फार घशातून येत असतील तर ३ किलोहर्ट्झला दोन डीबी वाढवा.

मग संगीताच्या बसवर उलटं करा: २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात रुंद, तीन डीबीची खोलगट. तानपुऱ्याची जवारी आणि पेटीचा तीक्ष्णपणा इथेच आजीच्या व्यंजनांवर येऊन बसतो. दोन आवाज एकाच पट्ट्यात असले की हळू असलेला झाकला जातो, आणि मग लोक फेडर खाली ओढतात आणि संगीत भुतासारखं उरतं. पट्टा मोकळा केला की संगीत जरा मोठं ठेवूनही शब्द स्पष्ट राहतात. हा खोलगट निवेदनाच्या वेळीच ठेवा, ऑटोमेशनने (फिल्म चालू असताना केलेले बदल सॉफ्टवेअर लिहून ठेवतं). किल्ल्याच्या शॉटला पेटीला तिचा पूर्ण आवाज परत द्या.

पातळी किती? वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत बोलण्याखालचा आवाज निदान २० डीबी कमी असावा असं सुचवलेलं आहे. आजीचं बोलणं तिच्याच वयाचे लोक ऐकणार असतील तर हा आकडा गंभीरपणे घ्या. तबला थांबलेला आणि फक्त तानपुरा असेल तर १६-१७ वरही चालतं.

संगीत आपोआप दबावं यासाठी साइडचेन (एका ट्रॅकच्या आवाजाने दुसऱ्याचा कॉम्प्रेसर चालवणं) आहे. आजीच्या ट्रॅकच्या डायनॅमिक्समध्ये सेंड दाबा, संगीताच्या कॉम्प्रेसरमध्ये लिसन दाबा. ती बोलली की संगीत खाली जातं. रिलीज लांब ठेवा, अर्धा सेकंद किंवा जास्त, नाहीतर तिच्या प्रत्येक श्वासाला पेटी उसळी मारते. बातमीपत्रासारख्या सलग निवेदनाला हे ठीक. पण आजी अडखळते, थांबते, मग एक शब्द बोलते. अशा बोलण्याला मी हातानेच फेडर लिहितो: ऑटोमेशन चालू करायचं, फिल्म चालवायची आणि तिच्या वाक्याच्या आधी अर्धा सेकंद संगीत खाली न्यायचं, वाक्य संपल्यावर एक श्वास थांबून वर आणायचं. संगतीचा पेटीवाला गायकाला जागा देतो तसं हे आहे, आणि ते यंत्राला अजून जमलेलं नाही.

रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) वेगवेगळ्या ट्रॅकवर वेगवेगळा टाकू नका. एक वेगळी बस करा, तिच्यावर एकच रिव्हर्ब ठेवा, आणि प्रत्येक वाद्यातून त्या बसला थोडं थोडं पाठवा. सगळे एकाच चौकात बसल्यासारखे वाटतात. डग्ग्याला जवळजवळ नको, तिथे चिखल होतो. आजीलाही नको. किल्ल्याच्या शॉटला दगडी दालनाचा लांब रिव्हर्ब मोहात पाडतो. दीड-दोन सेकंदांच्या पुढे जाऊ नका, पुढच्या निवेदनाच्या पहिल्या शब्दावर त्याची शेपटी येते.

आणखी एक, डग्ग्याबद्दल. फोनच्या स्पीकरवर २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही वाजत नाही. हेडफोनवर घुमणारा डग्गा फोनवर गायब होतो आणि तबला टिचक्या मारल्यासारखा वाटतो. खालचा आवाज वाढवून उपयोग नाही. डग्ग्याची घसीट (मनगट सरकवून काढलेला आवाज) मधल्या पट्ट्यात ऐकू येते, तिथे ४०० ते ८०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी द्या, किंवा फेअरलाइटचं डिस्टॉर्शन अगदी नावापुरतं लावा, म्हणजे वरचे उपस्वर तयार होतात आणि कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो.

मोठेपणा आणि तपासणी

यूट्यूबवर साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) वरचा आवाज खाली आणला जातो, त्यामुळे रेटून मोठं करण्यात काही मिळत नाही. अशा फिल्मला उणे १६ ते उणे १४ मध्ये राहा, आणि सगळ्यात वरचं टोक उणे १ डीबीच्या खाली ठेवा. फेअरलाइटचा लाउडनेस मीटर ठरवलेल्या लक्ष्याच्या तुलनेत आकडा दाखवतो. हे लक्ष्य प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये बदलून घ्या, कारण मुळात तिथे टीव्हीच्या मापाचं उणे २३ असतं. मोजायला पूर्ण फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा, तरच एकत्रित आकडा खरा येतो.

तपासताना आवाज बारीक ठेवा. बारीक आवाजातही आजीचा प्रत्येक शब्द कळला पाहिजे आणि ताल हरवता कामा नये. मग फोनवर, एका कानात इअरफोन घालून, आणि स्वयंपाकघरात कुकर चालू असताना. बहुतेक लोक असंच ऐकणार आहेत.

हक्कांचं थोडक्यात

राग कुणाच्या मालकीचा नाही, पारंपरिक बंदिशही तुम्ही गाऊ-वाजवू शकता. रेकॉर्डिंग मात्र वेगळं. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो, आणि संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं. एखाद्या बुजुर्ग गायकाची ध्वनिमुद्रिका घरात आहे म्हणून ती फिल्ममध्ये वापरता येत नाही. तबलजी, पेटीवाले मित्र असले तरी त्यांच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं घाला. तानपुऱ्याच्या ॲपचा आवाज वापरणार असाल तर त्याच्या अटी वाचा. स्वतः तानपुरा छेडून दोन मिनिटं रेकॉर्ड करणं त्याहून सोपं पडतं.

बाहेर काढताना

शेवटी फक्त एक फाइल काढून थांबू नका. पूर्ण मिक्स काढल्यावर तीन बस वेगवेगळ्या, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेवा: बोलणं, जागा, संगीत. ग्वाल्हेरमध्ये याची गरज हमखास पडते. मराठी मंडळात दाखवलेली फिल्म आठ दिवसांत कुणीतरी हिंदी निवेदनासह मागतं, शाळेसाठी किंवा शेजाऱ्यांसाठी. तेव्हा आजीची बस तशीच राहील, तिच्याखाली हिंदी उपशीर्षकं जातील किंवा वर हिंदी आवाज येईल, आणि संगीताला हात लावावा लागणार नाही. हिंदी वाक्यं मराठीपेक्षा लांब झाली तर समेची वही उघडा आणि नवं वाक्य पुढच्या समेच्या आत संपवा. नाहीच संपलं तर वाक्य कापा, आवर्तन कापू नका. प्रोजेक्टची प्रत, मूळ रेकॉर्डिंग आणि लय, सा, फ्रेम रेट लिहिलेली एक साधी मजकूर फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्या फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर.